फरदड आणि पानगळ

चिरंजीवास सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. स्पर्धा परीक्षेचा चौथा प्रयत्नही हुकल्यावर पुण्यातली खोली सोडावी की आणखी एक वर्ष काढावे, असे तू विचारले आहेस.

परवा रावेरहून पालला जाताना सातपुड्यातला साग जवळजवळ उघडा झालेला दिसला. पानगळ शरदाच्या नावावर टाकण्याची सवय आपल्याला पुस्तकांनी लावली. आपल्याकडे शरदात कापूस फुटतो, झाडे रिकामी होतात ती शिशिरात, आणि तीही थंडीपेक्षा पाणी आटू लागल्यामुळे. सागाचे पान सुपाएवढे, त्यातून उडून जाणारे पाणी कोरड्या दिवसांत झाडाला परवडत नाही. मात्र झाड पान एकाएकी टाकत नाही. आधी ते पानातले नत्र आणि इतर उपयोगी द्रव्ये खोडाकडे ओढून घेते, मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होतो, तिथून पान सुटते आणि मागची जखम बुचासारख्या आवरणाने बुजते. आपण पाहतो ते फक्त गळणे. त्याआधीची आवराआवर कोणाला दिसत नाही.

माणसाला हे जमत नाही, मलाही जमले नव्हते. एका वर्षी कापसाच्या वेचण्या आटोपल्यावर, झाडावर चार हिरवी बोंडे दिसतात एवढ्याच आशेने, मी त्याच पऱ्हाटीला पुन्हा पाणी आणि खत देऊन फरदड धरली. डिसेंबरअखेर शेत मोकळे करा, नाहीतर गुलाबी बोंडअळीला खाद्य मिळत राहते, हे कृषी खात्याचे सांगणे मला पाठ होते. तरी धरली. हाती आली ती कवडी, म्हणजे किडका, डागाळलेला कापूस, उन्हाळी भुईमुगाची वेळ टळली, आणि अळीचा उपद्रव शेजाऱ्याच्या बांधापलीकडेही गेला, याची लाज मला अजून वाटते.

तुझे पाचवे वर्ष फरदड आहे, असे माझे मत आहे. चुकीचे असेल तर तसे लिही. पण चार वर्षांत राज्यघटना, अर्थशास्त्र आणि रोज दहा तास बसण्याची शिस्त तुझ्यात उतरली आहे, ती खोलीबरोबर टाकून येऊ नकोस. भाडे महिनाअखेरपर्यंतचे भरलेलेच असेल, तर तेवढ्या दिवसांत वह्या चाळून ठेवण्याजोगे वेगळे काढ. भुसावळला कोणत्या गाडीने उतरणार ते आधी कळव, म्हणजे कोणालातरी न्यायला पाठवतो.