एमबीबीएसनंतर थेट अ‍ॅलर्जी स्पेशालिस्ट होता येतं का? काय शिकावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की एमबीबीएसचं शेवटचं वर्ष चालू आहे, अ‍ॅलर्जीतच काम करायचंय, मग एखादा छोटा कोर्स करून नाशिकमध्ये प्रॅक्टिस टाकता येईल का. मी इथेच लहान मुलांचा डॉक्टर आहे, बरीच वर्षं अ‍ॅलर्जीचे पेशंट बघतोय, म्हणून मनापासून सांगतो, आधी एमडी, म्हणजे एमबीबीएसनंतरची पदव्युत्तर पदवी, करा. मेडिसिन नाहीतर पीडियाट्रिक्स (लहान मुलांचे आजार).

अमेरिकेतही असंच आहे, आधी मेडिसिन किंवा पीडियाट्रिक्सची ३ वर्षं रेसिडेन्सी (हॉस्पिटलात काम करत शिकणं) आणि मग २ वर्षं अ‍ॅलर्जी-इम्युनॉलॉजीची फेलोशिप, आणि त्यात तुम्ही मुलांचे डॉक्टर असलात तरी मोठ्यांचे पेशंटही बघावेच लागतात. आपल्याकडे एमडीनंतर नीट एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा देऊन क्लिनिकल इम्युनॉलॉजी अँड रुमॅटॉलॉजीचं ३ वर्षांचं डीएम, म्हणजे सुपरस्पेशालिटीची डिग्री, करता येतं, लखनौचं एसजीपीजीआय हॉस्पिटल त्यासाठी जुनं आणि नावाजलेलं. पण तिथे संधिवात, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) असले आजार जास्त, शिंका आणि दम्याचे पेशंट त्या मानाने कमी, हे माहीत असू द्या. निव्वळ अ‍ॅलर्जी शिकायची तर बरेच जण एमडी करून वेल्लोरच्या सीएमसी मेडिकल कॉलेजचा अ‍ॅलर्जीचा डिप्लोमा करतात किंवा दिल्लीच्या पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटला ट्रेनिंग घेतात.

आता एमडीचा एवढा आग्रह का, तर स्किन प्रिक टेस्ट करायला एका दुपारी शिकता येते हो. हातावर धूळ, परागकण वगैरेंच्या अर्काचे थेंब, लॅन्सेटने (बारीक सुईने) हलकं टोचायचं, तुलनेसाठी एक थेंब हिस्टामिनचा (त्याने गांधी उठतेच), एक सलाइनचा (त्याने उठत नाही), १५-२० मिनिटांनी उठलेली गांधी, म्हणजे फुगवटा, मोजायची, सलाइनपेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त मोठी आली तर पॉझिटिव्ह. पण पॉझिटिव्ह म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे! शरीरात त्या गोष्टीविरुद्ध आयजीई (अ‍ॅलर्जीशी संबंधित अँटीबॉडी) आहे एवढंच कळतं, त्रास त्याच्यामुळेच होतोय का हे पेशंटला विचारल्याशिवाय कळत नाही.

माझ्याकडे ४ वर्षांचा एक मुलगा आणला होता, कुठल्यातरी लॅबचा लांबलचक रिपोर्ट, त्यात दूध, गहू, तूरडाळ, शेंगदाणे सगळ्यापुढे पॉझिटिव्ह, आणि आईने घाबरून सगळं बंद केलेलं, वजन उतरलेलं, पोरगं सुकून गेलेलं. आई म्हणाली, "डॉक्टर, आधी सगळं खायचा हो हा, कधी काही झालं नाही." अख्खं निदान त्या एका वाक्यात होतं आणि तो रिपोर्ट हातात देणाऱ्याने ते विचारलंच नव्हतं, मला अजून त्याचा राग येतो. बंद केलेलं परत चालू करतानाही एकेक पदार्थ हॉस्पिटलमध्ये, थोडा थोडा वाढवत, अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन (गंभीर रिअ‍ॅक्शनवरचं औषध) जवळ भरून ठेवून द्यावा लागला, कारण खूप दिवस बंद ठेवल्यावर खरीच रिअ‍ॅक्शन येऊ शकते.

आणि विचारायचं काय हे गावागणिक बदलतं. निफाडकडचा द्राक्ष बागायतदार सांगतो की ऑक्टोबरच्या छाटणीनंतर खोकला सुरू होतो. मग फवारणीने नुसता घसा चुरचुरतोय की थंडी लागली म्हणून काढलेल्या गोधडीतले माइट्स (धुळीतले बारीक किडे) आहेत की बांधावरचं गाजर गवत? की कांद्याच्या चाळीतली बुरशी? तिन्ही-चारींचा उपाय वेगळा. चुकीचं ठरवून इम्युनोथेरपी (त्याच गोष्टीचे थोडे थोडे डोस देऊन शरीराला सवय लावणं) चालू केलीत तर पेशंटची ३ ते ५ वर्षं आणि पैसा पाण्यात, शिवाय दर इंजेक्शननंतर अर्धा तास त्याला समोर बसवून ठेवायचं असतं कारण अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी रिअ‍ॅक्शन, होऊ शकतो. तो झाला तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अ‍ॅड्रेनॅलिन, किलोला ०.०१ मिलिग्रॅम, लगेच. एविल (साधं अ‍ॅलर्जीचं औषध) आणि स्टेरॉइड देऊन वाट बघत बसलेले डॉक्टर मी पाहिलेत. वॉर्डात रात्री-बेरात्री पेशंट सांभाळल्याशिवाय तो हात बसत नाही, म्हणून एमडी.

म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाची डिग्री हातात यायला इंटर्नशिपचं वर्ष आहेच, ते वाया घालवू नका. स्किन, चेस्ट, ईएनटी आणि मुलांच्या ओपीडीत बसा, आणि दम्याच्या प्रत्येक पेशंटला इन्हेलर स्वतःसमोर ओढून दाखवायला सांगा, किती जण चुकीचा ओढतात ते दिसेल.