गोड कमी करताय? सध्या एवढंच करा

गोड कायमचं बंद, अशी शपथ आधी मागे घ्या. नवी मंडळी इथेच घसरतात आणि पहिल्या बारशाला शपथ मोडते.

हा प्रश्न चारित्र्याचा नाही. अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठातले संशोधक हेअर, कॅमेरर आणि रँगेल यांनी 2009 मध्ये डाएट करणाऱ्यांचे मेंदू स्कॅनरमध्ये पाहिले. पदार्थाची ‘किंमत’ ठरवणारा कपाळामागचा भाग सगळ्यांचाच काम करत होता; संयम जमणाऱ्यांच्या मेंदूत त्या किमतीत चवीसोबत आरोग्यही धरलं जात होतं. तिथल्याच 2015 च्या अभ्यासात दिसलं, की चवीचा विचार आरोग्याच्या विचारापेक्षा सरासरी सुमारे 200 मिलिसेकंद आधी सुरू होतो. बर्फीला पळायला आधीच सोडलेलं असतं म्हणा ना!

म्हणून,
- उचलण्याआधी क्षणभर थांबा आणि ‘हे तब्येतीला कसं?’ एवढंच स्वतःला विचारा. लक्ष तिकडे वळलं की निवडही बदलते.
- डबा ओट्यावरून हलवून वरच्या फळीवर ठेवा.
- भुकेल्या पोटी मिठाईच्या दुकानात पाऊल नको.

दुसरी मोठी चूक म्हणजे बेचव खाणं. उकडलेला दुधी आणि जिलबी अशी लढत लावलीत तर दुधी हरणारच. तिखटमीठ लावलेला पेरू, लिंबू पिळलेली मटकीची उसळ, भाजलेले चणे हाताशी ठेवा. माझ्या मते अर्धं काम इथेच होतं.

कॅलरी, ग्लायसेमिक इंडेक्स वगैरे नंतर बघू. मधुमेहाची औषधं चालू असतील तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.