फेसच्या जुन्या शहरात खासगी गाइड घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरअखेर तुम्ही दोघं, कॉलेजातली मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई असे चौघं मोरोक्कोला चाललात. फेसमध्ये दोन दिवस आहेत, सगळे शाकाहारी, आणि तुमच्या रियादवाल्याने (रियाद म्हणजे जुन्या वाड्यातलं अतिथिगृह) दिवसभराच्या खासगी गाइडचे ८५० दिरहॅम सांगितलेत. गूगल मॅप असताना एवढे पैसे कशाला, असं घरच्यांचं म्हणणं.

गाइड घ्या. पण पहिल्या दिवशी, अर्ध्याच दिवसाचा घ्या, आणि रस्ता दाखवायला म्हणून घेऊ नका. कासाब्लांकाला नोकरीनिमित्त होतो तेव्हा भारतातून येणाऱ्या जवळपास प्रत्येक पाहुण्याला घेऊन फेसला जाणं व्हायचं. त्यामुळे चांगले, वाईट आणि नुसतेच गोडबोले असे सगळ्या तऱ्हेचे गाइड बघून झालेत.

रस्त्याचं आधी सांगतो, कारण लोक त्याचीच भीती घालतात. फेस एल-बाली, म्हणजे जुनी मेदिना, उतारावर वसलेली आहे. निळ्या कमानीचा बाब बू जलूद दरवाजा वरच्या अंगाला, करावीय्यीन मशीद आणि नदी खालच्या अंगाला. तलाआ कबीरा आणि तलाआ सग़ीरा या दोन मुख्य गल्ल्या वरून खाली उतरतात. चुकलात तर उताराने खाली चालत राहा, वर्दळीचा बाजार लागतोच. बाकीच्या हजारो गल्ल्यांपैकी कित्येक पुढे कुणाच्या तरी दारातच संपतात. मोबाइलचा निळा ठिपका उंच भिंतींमध्ये भरकटतो हे खरं, पण दोन-चार वेळा चुकून माणूस सरावतो. तेवढ्यासाठी शेकडो दिरहॅम मोजायची गरज नाही.

गाइड लागतो तो वेगळ्याच कारणासाठी. या शहराने आपली सगळी श्रीमंती आत ठेवलेली आहे. बाहेरून मातकट, बिनखिडक्यांच्या भिंती. दार उघडलं तरी समोर आडवी भिंत येते, वाट काटकोनात वळते, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाची नजर घरात जाऊ नये. आत मात्र आपल्या जुन्या वाड्यासारखा उघडा चौक, मधे कारंजं, चहूबाजूंनी खोल्या. एकटे फिरलात तर चार तास भिंती आणि दुकानं बघून बाहेर पडाल. जाणता माणूस बरोबर असला की त्याच भिंती बोलायला लागतात. हा फ़ेर्रान, म्हणजे मोहल्ल्याची सामाईक भट्टी. सकाळी घराघरातून पीठ मळून, गोळे थापून, फळीवर फडक्याखाली झाकून पाव इथे येतात आणि भट्टीवाला कुणाची फळी कुठली हे न विचारता ओळखतो. हा हम्माम, म्हणजे सार्वजनिक स्नानगृह, आणि त्याचं पाणी तापवणारी भट्टी मागच्या गल्लीत. मशीद, पाण्याचा नळ, हम्माम, पावाची भट्टी आणि कुराणाची शाळा ही पाच ठिकाणं मिळून एक मोहल्ला. हे एकदा कळलं की दुसऱ्या दिवशी तुम्ही एकटे फिरताना तुमची तुम्हाला ती दिसत जातात.

इतिहासाचंही तसंच. गाइड 'सन ७८९, इद्रीस पहिला' अशी टेप लावील. त्याला थांबवून विचारा, की दोन शहरांचं एक कसं झालं? नदीच्या एका तीरावर पहिली वस्ती, आणि ८०९ च्या सुमारास त्या इद्रीसच्या मुलाने, दुसऱ्या इद्रीसने, समोरच्या तीरावर दुसरी उभी केली. पुढे स्पेनमधल्या कॉर्दोबातून हाकलले गेलेले लोक एका काठावर येऊन राहिले, ट्युनिशियातल्या कैरवानहून आलेले दुसऱ्या काठावर. दोन्ही वस्त्यांना वेगवेगळे तट होते. अकराव्या शतकात अल्मोराविद राजवटीने ते मिटवून एक शहर केलं. ८५९ साली फ़ातिमा अल-फ़िह्री या बाईंनी करावीय्यीन बांधली आणि त्यांच्या बहिणीने पलीकडच्या तीरावर अंदलुसी मशीद बांधली, असं परंपरा सांगते. बहुतेक पर्यटक फक्त कैरवानी काठावर फिरतात. तुमच्या गाइडला अंदलुसी, म्हणजे कॉर्दोबाहून आलेल्यांच्या, बाजूला न्यायला सांगा. तिथल्या सहरीज मदरशाच्या चौकात पाण्याचा हौद आहे, गर्दी कमी असते, आणि सासूबाईंना निवांत टेकता येईल.

करावीय्यीनच्या आत आपल्याला जाता येत नाही. मोरोक्कोतल्या मशिदींत मुसलमानांखेरीज कुणाला प्रवेश नाही (कासाब्लांकाची हसन दुसरा मशीद हा अपवाद). दार उघडं असेल तेव्हा उंबऱ्याबाहेरून चौक दिसतो, तेवढ्यावर समाधान मानायचं. मूलाय इद्रीसच्या (म्हणजे त्याच दुसऱ्या इद्रीसच्या) दर्ग्याकडे जाणाऱ्या गल्ल्यांत आडवं लाकूड लावलेलं दिसेल. गाढव-खेचर पुढे जाऊ नयेत म्हणून ते असतं, माणसाने वाकून जायचं. मदरशांत मात्र सगळ्यांना तिकीट काढून जाता येतं. वेळ कमी असेल तर अत्तारीन (१३२३ ते १३२५) आणि बू इनानिया (१३५० ते १३५५) हे दोन सोडू नका. भिंतीकडे खालून वर बघा: खाली हाताने छिन्नून बसवलेल्या, झिलई दिलेल्या भाजक्या मातीच्या तुकड्यांचं ज़ेलीज, मधे कोरलेला चुना, वर देवदाराचं लाकूड. एकदा हा क्रम ध्यानात आला की फेसमधली प्रत्येक जुनी इमारत वाचता येते.

बू इनानियापाशी एक आपल्या कामाची गोष्ट आहे, जी गाइड सहसा सांगत नाहीत, कारण त्यांना महाराष्ट्र ठाऊक नसतो. हा मदरसा बांधणारा सुलतान अबू इनान. त्याच्याच हुकुमावरून इब्न बतूता या मोरोक्कन प्रवाशाने आपल्या प्रवासाची हकिकत फेसमध्ये इब्न जुज़य्य नावाच्या विद्वानाला सांगितली आणि त्याने ती लिहून काढली. हा मदरसा पुरा होत होता त्याच सुमाराची ही गोष्ट. त्या हकिकतीत दौलताबादचा किल्ला आहे, तिथल्या तळघरातले मांजरापेक्षा मोठे उंदीर आहेत, आणि नंदुरबारचे मराठे आहेत. ते भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात आणि जिवाला इजा करणं त्यांना आवडत नाही, असं तो सांगतो. नंदुरबारच्या जेवणाचं वर्णन या शहरात कागदावर उतरलं, हे त्या चौकात उभं राहून मुलीला सांगा. बाकी बाजारात दर दहा पावलांवर तिला 'शाहरुख़ ख़ान!' अशी हाक ऐकू येणारच आहे.

आता पैशांचा भाग, ज्यात खरी मेख आहे. मी तिथे होतो तेव्हा परवानाधारक गाइड अर्ध्या दिवसाचे ३०० ते ४०० आणि पूर्ण दिवसाचे ५०० ते ६०० दिरहॅम घेत, तेही पूर्ण कुटुंबाचे मिळून, डोईमागे नव्हे. दिरहॅम साधारण नऊ-दहा रुपयांचा धरा. आता भाव चढले असतील, पण ८५० मध्ये रियादवाल्याचा हिस्सा नक्की आहे. ऑनलाइन बुकिंगवाले युरोत लावतात ते बहुधा याहूनही महाग पडतं. परवान्याचं कार्ड पर्यटन मंत्रालयाचं, फोटोसकट, गळ्यात असतं. ते बघितल्याशिवाय निघू नका. 'मी विद्यार्थी आहे, इंग्रजीचा सराव करतोय' म्हणत चिकटणारी पोरं, 'तिकडे रस्ता बंद आहे' म्हणणारी पोरं, 'आज शेवटचा दिवस, बर्बर लोकांचा (तिथल्या मूळ रहिवाशांचा) बाजार भरलाय' सांगणारी पोरं, सगळी एकाच शाळेतली. त्यांना 'ला, शुक्रान' (नको, धन्यवाद) म्हणून चालत राहायचं. थांबून वाद घालायचा नाही आणि चिडायचंही नाही. खरा गाइड बरोबर असला की ही मंडळी जवळ फिरकत नाहीत. सासूबाई सोबत असताना हा फायदा लहान नाही.

पण परवाना आहे म्हणून तो तुम्हाला गालिच्याच्या दुकानात नेणार नाही असं नाही. गाइडचं बरंचसं उत्पन्न दुकानदाराच्या कमिशनवर चालतं आणि ते कमिशन तुमच्या खरेदीच्या किमतीत मिळवलेलं असतं. माझ्या एका पाहुण्यांच्या चार तासांच्या फेरीतले सव्वादोन तास गालिचे, कातडं, आर्गनचं तेल आणि पुन्हा गालिचे यांत गेले. पुदिन्याचा चहा आला की समजायचं, आता उठणं अवघड. गाइडला दोष देऊन उपयोग नाही, धंद्याची घडीच तशी बसलेली आहे. म्हणून निघण्यापूर्वी, रियादच्या दारातच, शांतपणे ठरवून टाका: एकही दुकान नको, फक्त कारागीर आणि इमारती. इंग्रजी अडलं तर फ्रेंचमध्ये 'पा द बुतिक'. आणि त्याच वेळी सांगा की हे पाळलंत तर शेवटी १०० दिरहॅम वर देऊ. त्याची बुडणारी कमाई थोडी भरून दिली की माणूस मोकळेपणाने शहर दाखवतो. घासाघीस करून त्याची फी ५० दिरहॅमने उतरवलीत तर तो ते पैसे दुकानातून वसूल करील, आणि वर तुमचा वेळही जाईल.

अपवाद एकच, शुआराचं चामडं कमावण्याचं आवार. ते वरूनच बघायचं असतं आणि वर जायचं तर कातड्याच्या दुकानाच्या गच्चीतून जावं लागतं. तिथे दुकान टळत नाही. दारात पुदिन्याची काडी देतात ती नाकाशी धरायला. खालच्या पांढऱ्या कुंडांत चुना आणि कबुतरांची विष्ठा असते. विष्ठेतल्या अमोनियाने कातडं मऊ पडतं. पुढच्या रंगीत कुंडांत माणसं मांडीभर पाण्यात उतरून कातडी तुडवतात. शाकाहारी घरातून येणाऱ्यांना हे बघणं जड जाऊ शकतं, मुलीला आधी कल्पना द्या. जिने अरुंद आणि उंच पायऱ्यांचे आहेत. सासूबाईंनी खाली बसलेलं बरं. गच्चीवरून उतरताना काही घ्यायचं नसेल तर दहा-वीस दिरहॅम हातावर ठेवा आणि निघा.

त्यापेक्षा सफ़्फ़ारीन चौकात वेळ काढा असं मी म्हणेन. करावीय्यीनच्या पाठीमागे, झाडाखाली, तांबटांचा छोटा चौक. ठोके सतत चालू असतात. एकजण गुडघ्यांत कढई धरून तळ ठोकत असतो, शेजारचा कडा वळवत असतो, आणि भिंतीला माणूस आत बसेल एवढाली भांडी टेकवलेली असतात. ती विकायला नसतात, लग्नकार्याला भाड्याने जातात. कोपऱ्यात चहा घेऊन अर्धा तास बसता येतं. नुसता बाजार बघायला आलेले गट इथून दोन मिनिटांत पुढे जातात, कारण इथे कमिशन फारसं नाही.

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी दिशा महत्त्वाची. बू जलूदपासून सुरू करा, पूर्ण वाट उताराची ठेवा आणि शेवट रसीफ चौकात करा. तिथपर्यंत मोटारी येतात. पुन्हा तलाआ कबीरा चढून वर येणं सत्तरीच्या माणसाला सोपं नाही. गाइडला हे आधी सांगा, नाहीतर तो सवयीने गोल फिरवून पुन्हा वर आणतो. ऑक्टोबरअखेरीस पाऊस पडू शकतो आणि मग फरशी निसरडी होते, म्हणून चांगली पकड असलेले बूट हवेत, सॅंडल नकोत. मागून 'बालाक!' (बाजूला व्हा!) अशी आरोळी आली की वळून बघत बसू नका, भिंतीला चिकटा. गॅसच्या टाक्या लादलेलं खेचर थांबत नसतं.

निघायची वेळ साडेनऊच्या आधी नको, कारागीर त्यानंतरच बसतात. शुक्रवार टाळा. दुपारच्या नमाजाला जवळपास सगळा बाजार बंद होतो आणि नंतरही बराचसा बंदच राहतो. तुमचा एक दिवस शुक्रवारी येत असेल तर त्या दिवशी मेल्लाह, म्हणजे १४३८ मध्ये वसवलेला ज्यूंचा मोहल्ला, आणि राजवाड्याचे पितळी दरवाजे बघा. मेल्लाहातल्या घरांना रस्त्याकडे उघडणारे लाकडी सज्जे आहेत. आदल्या दिवशी मेदिनातल्या आंधळ्या भिंती बघितल्या असतील तर फरक लगेच डोळ्यांत भरतो. त्यासाठी गाइड लागत नाही.

जेवणाचं फार काही अवघड नाही, फक्त रस्सा विचारावा लागतो. सात भाज्यांचा कुसकुस बहुतेक वेळा मटणाच्या पाण्यात शिजवलेला असतो, हरीरा हे सूपही तसंच. निर्धोक काय, तर वांग्याचं ज़ालूक, ढोबळी मिरची-टोमॅटोची तक्तूका, आणि सकाळी वाटाणा किंवा बाकल्याची बिसारा, वर ऑलिव्ह तेल आणि जिरं. थापून दुमडलेली मसमन नावाची पोळी मधाबरोबर सासूबाईंना आवडेल. गाइडला 'बिसाराच्या ठेल्यावर ने' सांगितलं की तो खूश होतो, कारण तो स्वतः तिथेच खातो.

रसीफला लाल पेती (छोट्या) टॅक्सी मिळतात. मीटर टाकायला लावा. आणि त्या तिघांपेक्षा जास्त बसवत नाहीत, त्यामुळे तुम्हाला दोन कराव्या लागतील.