पियानोच्या अ‍ॅक्शनमध्ये तेल सोडायला घरच्या घरी काय साधन बनवता येईल? पावसाळ्यात काही पट्ट्या नीट वाजत नाहीत

साधनाचं नंतर बघू, आधी ती तेलाची बाटली लांब ठेवा. अ‍ॅक्शनमध्ये म्हणजे पट्टी दाबली की हॅमर, ते छोटे हातोडे, तारांवर मारणाऱ्या यंत्रणेत तेल घालायचं नसतं, आणि हे मी आमच्याच घरातला पियानो डोळ्यांदेखत बिघडलेला बघून सांगतेय.

आजोळी दादरला एक जुना जर्मन अपराईट, म्हणजे उभा पियानो आहे. पावसाळ्यात मधल्या सप्तकातले हॅमर तारेवर आपटून तिथेच रेंगाळायचे, तीच पट्टी लगेच परत दाबली तर आवाजच नाही. मामा गिरणीत फिटर होता, त्याचं एकच, अगं जिथे घासतं तिथे तेल, आणि त्याने शिवणयंत्राचं तेल घेऊन सगळ्या ८८ हॅमरच्या सांध्यांत सोडलं. थोडे दिवस पियानो मस्त चालला, घरात मामाचं कौतुक झालं, मी तेव्हाच म्हटलं होतं की हे टिकणार नाही. पुढच्या पावसाळ्यात निम्मे हॅमर जागचे हलेनात. मी एक फ्लेंज, म्हणजे हॅमरचा सांधा धरणारा लाकडी तुकडा, सोडवून सेंटर पिन, म्हणजे सांध्याचा आस, बाहेर ढकलली, जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची पिन, तिच्यावर हिरवट चिकट थर आणि भोकातलं लाल लोकरी कापड काळं पडून फुगलेलं. मामाच्या गिरणीत धातूवर धातू फिरायचा, इथे पिन लोकरीत फिरते, लोकर तेल पिऊन बसते, त्यावर धूळ धरते आणि पिनेला आवळते, पण हे त्याला आजही पटत नाही. सगळी बुशिंग, म्हणजे भोकांतली ती कापडं, नवीन करावी लागली.

बरं, साधन. इन्सुलिनची सिरिंज घ्या, सुईचं टोक पॉलिश पेपरवर घासून बोथट करा म्हणजे कापडात घुसत नाही. आत मोबाईल रिपेअरवाले वापरतात ते आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि त्यात थोडं पाणी. पिन जिथे कापडात शिरते तिथे दोन्ही बाजूंना एकेक बारीक थेंब, बस. कापड ओलं होऊन फुगतं, पिनेवर दाबलं जातं आणि वाळल्यावर भोक किंचित सैल राहतं. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, तेवढ्यात परत परत थेंब सोडत बसू नका. जॅकच्या, म्हणजे हॅमरला ढकलणाऱ्या लाकडी तुकड्याच्या, टोकाला घसरण हवी असेल तर आइस्क्रीमच्या काडीला फेल्टचा तुकडा चिकटवून त्यावर ६बी पेन्सिलीचं शिसं घासा आणि ते टोकाला चोळा.

हॅमरचा सांधाच जड आहे ना हे आधी बघून घ्या, बोटाने पुढे ढकलून सोडला की तो झटकन मागे यायला हवा. तो ठीक असेल आणि पट्टीच खाली अडकत असेल तर ती काढून खालच्या पिना ब्रासोने चकचकीत करा, तिथे सिरिंजचं काही काम नाही.

आणि हो, आयपीएचा थेंब बाहेरच्या लाकडावर सांडू देऊ नका, जुनं लाखेचं पॉलिश लगेच उतरतं. आत दमटपणासाठी बल्ब लावला असेल तर तो आधी बंद करा, हे पेट घेतं. कुठलाही स्प्रे आत मारू नका, तो ट्यूनिंग पिनांच्या लाकडात मुरला तर पिना घसरतात आणि पियानो सुरात राहत नाही. ट्यूनर बोलावलात तर अ‍ॅक्शनला काय लावणार हे दारातच विचारा, मशीनचं तेल म्हणाला तर झाकण उघडू देऊ नका, मग तो कितीही अनुभवी असो.