जर्मन मैत्रिणीचा वाढदिवस : पेढे पार्सलने मागवू नका

तुम्ही लिहिलंय की मैत्रिणीचा वाढदिवस पुढच्या महिन्यात रविवारी आहे, शनिवारीच केक कापून तिला चकित करायचंय आणि आईकडून पेढे नि खणाचा बटवा मागवायचाय. वाचून पोटात कालवलं. जर्मनीत लाइपझिगला असताना मी अगदी हेच केलं होतं.

केक, पाहुणे वगैरे तुम्ही बघालच. पार्सलचं मात्र मनावर घ्या.

आईने अर्धा किलो कंदी पेढे, एकेक बटर पेपरात गुंडाळून, डब्यात भरले होते. डब्याला चिकटपट्टीचे चार वेढे. फॉर्मवर "भेटवस्तू, किंमत शून्य" लिही, असं मीच तिला फोनवर सांगितलं. तीच घोडचूक. पार्सलऐवजी घरी कस्टम्सचं पत्र आलं. त्या कार्यालयाचं नाव घेत नाही, पण पहिल्या खेपेला "बिल आणा" एवढंच ऐकवलं. पेढ्यांचं काय, ते विचारलंही नाही आणि सांगितलंही नाही. पुण्याहून बिलाचा फोटो मागवून दुसऱ्या दिवशी गेले, तर दुपारी खिडकी बंद. तिसऱ्या खेपेला माझ्याच हाताने डबा उघडायला लावला आणि पेढे बाजूला काढून घेतले. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ टपालाने येऊ देत नाहीत, ते नष्ट करतात. नियम आहे, मान्य. पण पहिल्याच दिवशी एका वाक्यात सांगता आलं असतं! तोवर वाढदिवस होऊन गेला होता. आईने फोनवर विचारलं, "आवडले का गं तिला पेढे?" मी हो म्हणाले.

तेव्हा बटवा जरूर मागवा, पण खरी किंमत लिहून आणि बिल आत ठेवून. एका व्यक्तीने दुसरीला पाठवलेली ४५ युरोपर्यंतची भेट करमुक्त असते, शून्य लिहायची गरजच नाही. मी कस्टम्समधली जाणकार नाही, नियम बदलतात, पाठवण्याआधी एकदा बघून घ्या. पेढे तिथेच करा. मिल्क पावडर आणि कंडेन्स्ड मिल्क सहज मिळतं.

आता शनिवारचं. माझं मत ठाम आहे, आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नका. जर्मन लोक तो अपशकुन मानतात. सगळेच नसतील मानत, पण माझ्या मैत्रिणीचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. उशिरा दिलेल्या चालतात, आधी नाही. त्यांच्यातच एक छान पद्धत आहे, राइनफायर्न म्हणतात. आदल्या संध्याकाळी जमायचं, खायचं-प्यायचं, आणि बाराचे ठोके पडल्यावरच "आलेस गूटे", म्हणजे शुभेच्छा, म्हणायचं. तुमचा शनिवार त्यासाठी अगदी योग्य आहे. फक्त रात्री दहानंतर गाणी हळू लावा आणि शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या. आणि हो, तिथे ज्याचा वाढदिवस, खर्चही त्यानेच करायचा असतो, त्यामुळे सगळं तुम्ही करणार हे तिला सांगून टाका, नाहीतर ती बिचारी स्वतः केक भाजत बसेल.

बारा वाजले की केकआधी औक्षण करा. त्या फसलेल्या वाढदिवसाच्या पुढच्या वर्षी मी केलं तेव्हा मैत्रीण अगदी स्तब्ध बसली होती, डोळे भरून आले होते तिचे. मात्र ताम्हण खाली येताच तिने निरांजनावर फुंकर मारायला ओठ पुढे केले. हा दिवा विझवायचा नसतो, हे तुमच्या मैत्रिणीला आधीच सांगून ठेवा.