मैत्रिणीचे दात जास्त पांढरे का दिसतात?

मैत्रिणीचे दात तुमच्यापेक्षा पांढरे का दिसतात, असं तुम्ही विचारलंत. तिची त्वचा सावळी आहे, तुमची गोरी. गडद रंगाशेजारी तेच दात उजळ भासतात, फिक्या रंगाशेजारी पिवळसर. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रलने रंगांचा हा परस्परप्रभाव १८३९ मध्येच सविस्तर मांडला होता. म्हणून लगेच ब्लीचिंगकडे (रसायनाने दात पांढरे करण्याकडे) धावू नका. आधी एवढंच करा:

- दात चेहऱ्याशी नव्हे, शेड गाइडशी (दातांच्या छटांच्या नमुनापट्टीशी) ताडून बघा. विटा क्लासिकल या प्रचलित शेड गाइडमध्ये १६ छटा असतात. दिवसाच्या उजेडात आणि लिपस्टिक पुसूनच! केशरी लिपस्टिकने पिवळेपणा उठून दिसतो.
- ब्लीचिंग केलंच, तर निकाल त्याच दिवशी ठरवू नका. ब्लीचिंगच्या वेळी कोरडे पडलेले दात काही काळ जास्तच पांढरे दिसतात.

नवखे लोक कागदासारखा पांढरा रंग मागतात. तसं करू नका. इनॅमलखालचं (दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणाखालचं) डेंटिन, म्हणजे दाताचा आतला थर, मुळातच पिवळसर असतं, तुमचे दात बहुधा अगदी छान आहेत.