रात्री दोनचा फोन

“मुलगा एकदम बदललाय, उलट बोलतो, घरी यायचं नाव काढत नाही.” दिवाळीची सुट्टी संपली की ही तक्रार घेऊन पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतातच. निनादची आईही तीच घेऊन आली होती. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तिच्या जिव्हारी लागला होता तो एक फोन. होस्टेलवरून रात्री दोन वाजता निनाद तिला म्हणाला होता, “मला तुझी लाज वाटते. यापुढे मला फोन करू नकोस.” सकाळी विचारलं तर म्हणे, चुकून बोललो.

निनाद माझ्यासमोर बसला तो मान खाली घालून. लाजाळू असेल, असं मला वाटलं. दुसऱ्या भेटीत लक्षात आलं की त्याची नजर स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावरच खिळलेली आहे. होस्टेलवर राहिलेल्यांना ही खूण कळेल. सीनिअर समोर आला की मान खाली, डोळे तिसऱ्या बटणावर. मी एवढंच विचारलं, “थर्ड बटन?” तो दचकला आणि रडायलाच लागला.

त्याला कॉलेजच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये शिरायचं होतं. नाटकाचं वेड शाळेपासूनचं. नव्या मुलांनी सेट उचलायचा, तालमीचा हॉल झाडायचा, सीनिअरची जर्नल्स उतरवून द्यायची आणि रात्री बोलावतील तेव्हा गच्चीवर ‘इंट्रो’, म्हणजे स्वतःची ओळख, द्यायचा. हॉल झाडण्याबद्दल त्याची तक्रार नव्हती, माझीही नाही. नाटकात काम करायचं तर सेटच्या लेव्हल्स (लाकडी चौथरे) उचलाव्याच लागतात. पण कष्ट कुठे संपतात आणि रॅगिंग कुठे सुरू होतं, असं पालक विचारतात तेव्हा मी म्हणते, दोन गोष्टी बघा. तेच काम सीनिअरही करतात का? आणि नाही म्हणणाऱ्याचं काय होतं? इथे नाही म्हणणाऱ्याला सगळे वाळीत टाकत. एका इंट्रोला निनादला फोन स्पीकरवर ठेवून आईला ती दोन वाक्यं ऐकवायला लावली होती. भोवती आठ-दहा जण हसू दाबत उभे.

“तू नाही का म्हणाला नाहीस?” हे मी विचारलं नाही. पालकांनीही विचारू नये, कारण तो प्रश्न मुलानं स्वतःला शंभरदा विचारून झालेला असतो. मी विचारलं, “दुसऱ्या दिवशी तालमीला गेलास?”

“गेलो. एवढं सोसल्यावर ग्रुप कसा सोडणार, मॅडम?”

मुलं बोलत का नाहीत, याचं उत्तर मला या वाक्यात दिसतं. १९५९ मध्ये एलियट अ‍ॅरन्सन आणि जडसन मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. एका गटात येण्याआधी काही विद्यार्थिनींना खूप संकोच वाटेल असा मजकूर मोठ्यानं वाचायला लावला, काहींना सौम्य, काहींना काहीच नाही. नंतर सगळ्यांना गटाची मुद्दाम कंटाळवाणी केलेली चर्चा ऐकवली. ज्यांनी जास्त सोसलं होतं, त्यांना ती चर्चा जास्त आवडली. मोठी किंमत मोजली की वस्तूही मोलाची होती असं मन स्वतःला पटवतं. याच वाटेनं ज्युनिअरचा सीनिअर होतो. निनादही म्हणून गेला होता, “पुढच्या वर्षी आमचा नंबर.” म्हणाला आणि स्वतःच गप्प झाला.

मी त्याला एकच काम दिलं: तुझ्यासारखंच वाटणारा एक जण शोध. सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत सगळे धडधडीत चुकीचं बोलू लागले की बरेच जण त्यांच्या सुरात सूर मिसळत. पण खरं बोलणारा एक जोडीदार जरी मिळाला, तरी तो दबाव सुमारे एक चतुर्थांशावर येई. निनादला बॅकस्टेजचा एक मुलगा सापडला. त्यालाही झोप येत नव्हती.

दोघांनी मिळून लेखी तक्रार दिली. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यानुसार लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाला ७ दिवसांत चौकशी करावी लागते आणि तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवावी लागते. गुन्हा सिद्ध झाला तर २ वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड. कॉलेजात बोलायची भीती वाटत असेल, तर १८००-१८०-५५२२ ही देशपातळीवरची हेल्पलाइन आहे.

तीन सीनिअर निलंबित झाले. त्या वर्षी ग्रुपची एकांकिका झाली नाही आणि काही मुलं त्याचा राग निनादवर काढतात. हे त्याला लागतं. त्या तिघांतला एक जण फार सुंदर काम करायचा, असं तो अजून म्हणतो. मी त्याला त्याबद्दल अडवत नाही.

आईला मात्र त्यानं फोनचं खरं सांगितलं नव्हतं. शेवटच्या भेटीत, माझ्यासमोर, तिच्याकडे बघत सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “गच्चीवर होतास? त्या थंडीत? पायात चप्पल तरी होती का रे?”